सात नंबरची शिस्त

नियमकाकांनी कुत्री आणली ही बातमी इमारतभर पसरायला लिफ्ट खाली जाऊन वर येते तेवढासुद्धा वेळ लागला नाही. आणि त्यात लोकांचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांना कुंडी इथे का ठेवली, सायकल तिथे का टेकवली, एवढंच विचारलं, तोच माणूस एका लठ्ठ, पिवळट, थानं लोंबणाऱ्या कुत्रीला आधी दोरीने ओढत, मग मागून ढकलत आणि शेवटी चक्क कडेवर घेऊन जिना चढतोय, हे बघायचं सोडून कोण दार लावून बसेल? लिफ्टमध्ये ती शिरायला तयार नव्हती आणि जिना तिने जन्मात पाहिलेला नव्हता. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती. प्रत्येक दारातून एकच प्रश्न येत होता, "काय काका, तुम्ही?" त्या 'तुम्ही'वर जो जोर होता, तो काकांच्या जिव्हारी लागत होता.

काकांचं खरं नाव टपालवाला सोडून कुणी घेत नसे. नोकरी वजनमापं तपासायच्या खात्यात. दुकानदाराचा तराजू हातात घेतला की काकांना त्याचा खोटेपणा मनगटातच कळायचा. घरी आल्यावर तपासायला तराजू नव्हते, म्हणून त्यांनी इमारत तपासायला घेतली. बारा वर्षं कमिटीचे सेक्रेटरी होते. त्या काळात त्यांनी नियमांचं एक पुस्तकच तयार केलं. चपला दाराबाहेर काढू नयेत, कपडे किती लोंबवावेत, गाडीचा हॉर्न आवारात वाजवू नये, सगळं त्यात होतं. लोक पुस्तकाला हसायचे आणि पाळायचेही, कारण न पाळून काकांचं व्याख्यान ऐकण्यापेक्षा ते परवडायचं.

आता एवढ्या माणसाच्या घरात कुत्री आली कशी? तर मुलीमुळे. लहानपणापासून तिचा एकच घोशा होता, पिल्लू हवं. काका म्हणत, परीक्षा होऊ दे. अशा परीक्षा होत होत ती शिकून मोकळी झाली, नोकरी शोधायला लागली, तरी घोंगडं भिजतच. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "बाबा, सगळं मी करीन. फिरवीन, अंघोळ घालीन, खायला घालीन. तू फक्त हो म्हण." काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आणि तिला नोकरी लागली की मी करीन, हेही त्यात लिहून घ्या!" त्यांचं कुणी ऐकलं नाही. बायकांनी आधीच सांगितलेलं कुणी कधी ऐकतं का?

गावाबाहेर पत्र्याची एक लांबलचक शेड होती. पिंजरे ओळीने, प्रत्येकाला लोखंडी कडी आणि वर रंगवलेला नंबर. शेडवाला माणूस हसतमुख. पिल्लं दाखवायला घेऊन गेला, तर सात नंबरच्या पिंजऱ्यात एकच पिल्लू उरलं होतं आणि तेही आधीच ठरलेलं. घेणारी मंडळी दारातच उभी होती. शेडवाल्याने कडी वाजवली. कुत्री उठली. पिल्लाला एकदा चाटलं आणि बाजूला होऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. शेडवाल्याने हात घातला, पिल्लू उचललं, कडी लावली. गुरगुरणं नाही, झटापट नाही. सगळं कसं सुरळीत पार पडलं.

काका थक्क झाले. "याला म्हणतात शिस्त," ते मुलीला म्हणाले. "आपल्या इमारतीत एकाला तरी आहे का अशी?"

मुलगी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती पिंजऱ्याशी उकिडवी बसली होती. "बाबा, मला पिल्लू नको. हीच हवी."

"ही?" शेडवाला हसला. "हिचं झालं आता. पाच वेतं झाली हिची, आता निवृत्तच करायची होती. न्या, अशीच न्या. आणि नाहीच जमलं, तर आणून द्या. ओढूनताणून अजून एक वेत निघेल हिचं."

डॉक्टरकडे नेलं, म्हणजे जनावरांच्या, तेव्हा त्यांनी पोट चाचपून मान हलवली. "परत बिरत पाठवायचा विचार करू नका हं. अजून एक वेत झालं, तर ही उरायची नाही." काकांनी ते ऐकलं आणि छाती थोडी पुढे काढली. एखाद्याचा जीव आपल्या हातात आहे म्हटल्यावर माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतंच.

पण घरी आल्यावर तिने या उपकाराची काडीइतकी दखल घेतली नाही. दिवाणखान्यात मऊ गादी घातली होती, तिकडे ती फिरकली नाही. फ्रिज आणि भिंत यांच्यामधली जी सांदट होती, जिथे काकू केरसुणी ठेवत, तिथे केरसुणी पाडून ती आत जाऊन बसली. बरोबर पिंजऱ्याएवढी जागा! स्वयंपाकघराचा उंबरठा तिने ओलांडायचा नाही, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं. भुंकणं नाही, शेपूट हलवणं नाही. मुलीने तिला चार नावं ठेवून पाहिली. काकू उपरोधाने 'बाईसाहेब' म्हणत. काकांना 'सात नंबर' हेच बरं वाटायचं, नोंद राहते. ती कशालाच ओ देईना.

मग एकदा मुलीने मुख्य दाराची जुनी लोखंडी कडी खाडकन लावली. कडी वाजली मात्र, सांदटीतून कुत्री झटकन उठून उभी! घरात आनंदीआनंद झाला. कडी वाजवली की उठते, हे काकांनी भेटेल त्याला सांगितलं, पाहुण्यांना करूनही दाखवलं. उठायची, उभी राहायची, भिंतीकडे बघायची. भिंतीकडे का बघते, असं एकानेही विचारलं नाही.

काकांचं दुःख वेगळंच होतं. तिचं खाणं ते स्वतः तराजूवर तोलून देत. सकाळ-संध्याकाळ उंबरठ्याच्या अलीकडे पाट टाकून बसत आणि बोलावत, "ये, ये गं. अगं, मी कुणी परका आहे का?" ती बघायचीसुद्धा नाही. एकदा, फक्त एकदा तिने आपण होऊन उंबरठा ओलांडून आपल्याकडे यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बाहेर दुकानदार चळचळा कापतात आणि घरात एक कुत्री विचारत नाही, म्हणजे काय!

"अहो, खात्याचं ओळखपत्र दाखवा," काकू म्हणाल्या. "येईल कदाचित."

शेजाऱ्यांचे सल्ले तर विचारू नका. समोरच्या वहिनी म्हणाल्या, तिच्याशी डोळ्यात डोळे घालून बोला. शेजारचे ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले, डोळ्यात डोळे अजिबात घालू नका, चावते. कुणी म्हणालं गाणी लावा. कुणी म्हणालं, तिच्यासमोर जमिनीवर पालथे झोपा, म्हणजे तिला वाटेल तुम्ही तिच्याहून लहान. काका पालथे झोपलेसुद्धा. नेमकी त्याच वेळी गॅसची टाकी आली आणि टाकीवाला "साहेब पडले!" म्हणून बोंब मारत खाली पळाला. पुढचे दोन दिवस लोक प्रकृतीची चौकशी करत होते.

हे सगळं पोटात घालता आलं असतं. पण एका रविवारी नवे सेक्रेटरी आले. हे दातांचे डॉक्टर, राहायला त्याच मजल्यावर. हातात काकांचंच पुस्तक.

"काका, नियम तुमचाच आहे हो," डॉक्टर गोड आवाजात म्हणाले. "कुत्रा पाळायचा तर मजल्यावरच्या प्रत्येक घराची लेखी संमती लागते. भाषा काय सुरेख आहे तुमची! मी रात्री बायकोला वाचून दाखवला."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. तो नियम लिहिताना इमारतीत कुणाकडे कुत्रा नव्हता आणि कुणी आणणारही नव्हतं. नियमांत कुत्र्यांचा उल्लेख नाही हे बरं दिसत नाही, एवढ्यासाठी त्यांनी तो घातला होता.

मग सुरू झाली वरात. वहिनी म्हणाल्या, देईन की संमती, त्यात काय! फक्त माझ्या कुंड्या पॅसेजमध्ये राहतील. ज्या कुंड्यांसाठी काका सहा महिने भांडले होते, त्यांना त्यांनी स्वतःच्या तोंडाने परवानगी दिली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना शिकाऊ मुलांची गाडी आवारात फिरवायची होती, हॉर्नसकट. तेही दिलं. डॉक्टरांना दवाखान्याचा बोर्ड हवा होता, इमारतीच्या तोंडावरच, हसऱ्या दाताचं चित्र आणि आत दिवा. काका त्या रात्री जेवले नाहीत, पण सकाळी सही केली. बारा वर्षांत उभं केलेलं राज्य आठवड्यात गेलं. कुणासाठी? तर जी मान वळवून बघतसुद्धा नव्हती तिच्यासाठी. आणि चार लोकांत काय सांगायचे? "मुक्या जिवासाठी करावं लागतं." हे म्हणताना त्यांच्या आवाजात जी कडवट गोडी यायची, ती ऐकून काकू उठून आत जायच्या.

दरम्यान काकूंनी कुणाला न विचारता ती मऊ गादी सांदटीत नेऊन घातली होती. "बसू दे बाई, हाडं दुखत असतील," एवढंच म्हणाल्या. आणि तिथून पुढचं रामायण घडलं.

मजल्यावरच्या चपला नाहीशा व्हायला लागल्या. तेही जोड नाही, एकेकच. वहिनींची नवी सँडल, डाव्या पायाची. डॉक्टरांची दवाखान्यातली पांढरी सपात. ड्रायव्हिंग सरांचा बूट. नियम क्रमांक चारप्रमाणे चपला बाहेर काढायच्याच नव्हत्या, हे काकांनी प्रत्येकाला ऐकवलं. फार दिवसांनी त्यांना जरा बरं वाटलं. पण एकेक चप्पल चोरणारा चोर कोण, यावर जिन्यात सभा भरायला लागल्या. कचरा नेणाऱ्यापासून ते एक पाय नसलेल्या चोरापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

चोर काकूंना पहिल्यांदा सापडला. केर काढताना वाकून बघतात तर सांदटीत गादीवर ओळीने चपला आणि त्यांच्याभोवती अंग वळवून बाईसाहेब. चाटून चाटून सगळ्या लखलखीत. मुलीने सकाळी दार उघडं टाकून केस विंचरावेत, तेवढ्यात हिने उंबरठा ओलांडून डाव साधावा, असं चाललं होतं. काकूंनी दुपारी गुपचूप जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "तिला वाटतंय पिल्लं झालीत. मऊ अंथरूण मिळालं, पोटभर मिळालं, की आजवर पुढे पिल्लंच आलीत ना तिची. काही दिवस चालेल. होईल कमी."

काकूंनी घरात कुणाला सांगितलं नाही. फक्त त्यांनी दाराच्या कडीला जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळली. काकांनी विचारलं, तर गंजते म्हणाल्या.

पण असं लपून किती दिवस राहणार? एका सकाळी वहिनींनी दार उघडलं, तर त्यांची दुसरी सँडल तोंडात धरून कुत्री काकांच्या दारात शिरत होती. जो गलका झाला! काका धावत आत आले, सांदटीत वाकले आणि मटकन पाटावरच बसले. "चोरीचा माल! माझ्या घरात!"

"पिल्लं आहेत तिची," काकू म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो. आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही पंचनामा केला असता."

दातांचे डॉक्टर पुन्हा आले. या वेळी आवाज गोड नव्हता. संमत्या रद्द. संध्याकाळी सगळे येऊन आपापल्या वस्तू नेतील. पिल्लांवरून कुत्री अंगावर येते हे शेंबडं पोरही जाणतं, तेव्हा ती कुणावर नुसती गुरगुरली तरी उद्या सकाळी शेडमध्ये परत.

परत म्हणजे काय, ते घरात तिघांनाही माहीत होतं. मुलगी मुलाखतीला गेली होती, तिने तिथूनच रडत फोन केला. काकांनी दिवसभर तयारी केली. कातडी हातमोजे मागून आणले, पडद्याची काठी काढून ठेवली. आणि पहिल्यांदाच त्या सांदटीशी वाकून ते तिला हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, आज काही करू नकोस. तुझ्या पाया पडतो."

संध्याकाळी सगळा मजला स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीने उभा होता. खालच्या मजल्यावरचे काही जण तर नुसते बघायला आले होते. डॉक्टर म्हणाले, "बोलवा तिला."

आपलं घरात चालतं हे दाखवायची काकांची ती शेवटची संधी. ते मुख्य दाराशी गेले, कडीवरची चिंधी ओढून काढली. काकू "अहो, नको!" म्हणेपर्यंत त्यांनी कडी वाजवली.

कुत्री उठली. थरथरत होती. वहिनींनी घाबरत घाबरत हात पुढे केला. कुत्रीने सँडल एकदा चाटली आणि मान बाजूला केली. वहिनींनी उचलली. मग सपात. एकदा चाटली, मान बाजूला. मग बूट. पडद्याची काठी काकांच्या हातात तशीच राहिली. गुरगुरणं नाही, झटापट नाही. सगळं झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "किती शहाणी! अशी कुत्री असेल, तर आमची काही हरकत नाही बुवा."

"काका, शिस्त लावलीत हं तुम्ही," ड्रायव्हिंग सर म्हणाले आणि बूट झटकला. वहिनींनी तर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. संमत्या पुन्हा मिळाल्या. जाता जाता डॉक्टरांनी आठवण करून दिली, बोर्डाचं ठरलंय ते मात्र ठरल्याप्रमाणे.

लोक गेले. काका पाटावर बसले ते बसलेच. शेडमधली ती दुपार त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण त्याला शिस्त म्हणालो होतो, मुलीला वर उदाहरण म्हणून दाखवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची शरम वाटली. आणि ती सांगायची कुणाला, तेही कळेना. गादीवर एकच चप्पल उरली होती, मुलीची, कारण मुलगी घरात नव्हती. त्या दिवसापासून दार नुसतं ओढून घ्यायचं ठरलं. कडीला कुणी हात लावला नाही.

मुलीला नोकरी लागली. दुसऱ्या शहरात. काकूंनी आधीच सांगितलं होतं, पण आता त्या नुसत्या बॅग भरत राहिल्या. निघायच्या दिवशी मुलीने घर डोक्यावर घेतलं. "माझी दुसरी चप्पल कुठाय? अच्छा, बाईसाहेबांकडे का! थांब, घेते."

काका उंबरठ्यात आडवे उभे राहिले. "राहू दे."

"बाबा, माझी आवडती आहे ती."

"नवी घे. घरातलं काय हवं ते घेऊन जा. ती नको."

मुलगी आईकडे बघायला लागली. आई म्हणाली, "राहू दे गं."

"तुमचं दोघांचं डोकं फिरलंय," ती हसली, दोघांना मिठी मारली, सांदटीत वाकून कुत्रीचा मुका घेतला, तिला रोज फोनवर दाखवायचं असं बजावलं आणि बुटांत पाय घालून धडधडत जिना उतरली. खाली टॅक्सीचं दार लागलं. आवारात शिकाऊ गाडीने हॉर्न वाजवला.

काका दारात उभे होते. मग ते आत आले, दार लोटलं आणि त्यांचं चित्त ठिकाणावर नसल्यामुळे, इतक्या वर्षांच्या सवयीने, हात वर गेला आणि कडी खाडकन लागली.

सांदटीत खुडबुड झाली. कुत्री बाहेर आली. उंबरठ्याशी थबकली. मग तिने उंबरठा ओलांडला आणि फरशीवरून नखं वाजवत सरळ काकांकडे यायला लागली. इतके दिवस पाट टाकून बसले होते ते याच्यासाठी. तिच्या तोंडात मुलीची चप्पल होती.

तिने चप्पल त्यांच्या पायाशी ठेवली. एकदा चाटली. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"नको गं," काका खाली बसत म्हणाले. "मला नको आहे ती. तुझीच आहे. घे ना, घे." त्यांनी चप्पल तिच्याकडे सरकवली. ती वळली नाही. ते सरकत सरकत तिच्या तोंडासमोर गेले, तशी तिने मान आणखी वळवली.

काकू आतून आल्या. चपलेकडे बघून त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तिथेच फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "अहो, ती कडी काढून टाका आधी."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला. स्क्रू जुने होते, पार गंजलेले, हलता हलत नव्हते. ते खाटखूट करत राहिले. चप्पल मध्येच पडली होती आणि तिघांपैकी कुणीच तिला हात लावत नव्हतं.